रविवारची अमेरिका

केशोरीच्या तळ्याची पाळ एरवी चांगली रुंद. पण त्या आषाढात तिची एक कड पावसानं खचली आणि मधे एका माणसापुरतीच वाट उरली. नेमकी तिथंच शामकला आणि उमराव समोरासमोर आले.

शामकलाच्या डोक्यावर परे होते, म्हणजे रोवण्यासाठी उपटलेली धानाची कोवळी रोपं. टोपलीतून गळणारं पाणी तिच्या कानामागून मानेवर ओघळत होतं. उमरावच्या हातात सायकल, सायकलीच्या मागे गोणपाटात बांधलेली पेटी आणि खांद्यावर पितळी कर्णा. वरातीतून चुकलेला वाजंत्री वाटावा असं ध्यान.

"बाई, जरा बाजूनं..." तो म्हणाला.

"कोनत्या बाजूनं? इकडं पानी, तिकडं चिखल. तुमीच सांगा."

"माझ्याजवळ मशीन आहे. ग्रामोफोन."

"माह्या डोक्यावर परे आहेत. मशीन ओली झाली तं पुसता येते. परे सुकले तं सालभर का गाने खासाल?"

यावर शहाण्या माणसानं तोंड मिटून मागं सरावं. उमराव मागं सरला खरा, पण हसत हसत. सायकल वळवायला जागा नव्हती, म्हणून उलट्या पावलांनी चालत राहिला आणि त्या साऱ्या वाटेत तिच्याकडे बघत राहिला. तिनं नजर चुकवली नाही. तिचा राग नाकावर असे, आणि नाक चांगलं धारदार होतं. पाळ संपली तेव्हा तो बाजूला होऊन म्हणाला, "जा जी, मालकीणबाई."

तिचा संताप संताप झाला. आणि धानाच्या बांधीतल्या पाण्यात वाकून परे रोवताना तिला उगाच आठवत राहिलं, की त्या माणसाच्या भुवईवर पावसाचा एक थेंब होता आणि तो पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता...

संध्याकाळी घरी येते तर तेच ध्यान ओसरीवर बसलेलं. तिच्या भावाचा, शालीकरामचा, भंडाऱ्याच्या शाळेतला सोबती. नवेगावच्या टेकचंदचा मुलगा. बेचाळीसच्या चळवळीत कॉलेज सोडलं, तुरुंगात जाऊन आला, आणि आता गोंदियाला एका तांदळाच्या गिरणीत कारकून होता. त्या आठवड्यापासून तो शनिवारच्या गाडीनं अर्जुनीला उतरायचा, तिथून सायकलनं केशोरी. रविवार शालीकरामच्या ओसरीवर. तिसरा सोबती केवलराम, गावातला किराणा दुकानदार. त्याचं दुकान रविवारी बंद असे आणि तोंड सातही दिवस उघडं.

तर अशी ही त्रिमूर्ती दर रविवारी जमायची आणि जगाचा कारभार हाकायची. लढाई कुठवर आली, इंग्रज कधी जातील, आणि सगळ्यात जास्त म्हणजे अमेरिका. त्या साली तिकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. रूझवेल्ट चौथ्यांदा उभा होता. तो पुन्हा आला तर इंग्रजांचा कान धरेल, असं शालीकरामचं म्हणणं. कोणी कोणाचा कान धरत नाही, कान धरायला आपलाच हात लागतो, असं उमरावचं. केवलरामचं म्हणणं एवढंच, की चहा थंड होतो.

चहा शामकला आणायची. कप ठेवायची आणि दाराआड उभी राहायची. ऐकण्यावर अजून कोणी कर बसवला नव्हता.

श्रावणातल्या एका रविवारी रोवणा अडला होता, माणसं कमी पडली होती. शालीकरामनं दोघा सोबत्यांना बांधीत उतरवलं. बायका रांगेनं वाकून रोवत होत्या, गडी पऱ्यांच्या पेंढ्या पोचवत होते आणि गाणं चाललं होतं. इकडची रीत अशी, की गड्यांनी गाण्यातून सवाल टाकायचा आणि बायकांनी गाण्यातून जबाब द्यायचा. ज्या बाजूला जबाब सुचला नाही ती हरली. मग सांजेपर्यंत तिची टिंगल.

उमरावनं पेंढी टाकली, कमरेवर हात ठेवले आणि गळा काढला. गळा गोड होता. ही गोष्ट शामकलाला मुळीच आवडली नाही.

"हात भरून परे, बांध्या गेल्या भरून,
कोनाच्या दारी जाशील माय-बाप सोडून?"

साऱ्या रांगेनं शामकलाकडे पाहिलं. शेजारची रुख्मा तिला कोपरानं ढोसायला लागली. शामकलाची बोटं चिखलात, चेहरा खाली. मान वर न करता तिनं म्हटलं—

"बांधी भरली बाई, बांधावरून कोन पाहे,
ज्याच्या घरी गानं आहे, माह्यं घर तेच आहे."

बायकांनी एकच गलका केला. गडी हरले. आणि उमराव... तो पेंढी उचलायची विसरून पोटरीभर पाण्यात तसाच उभा राहिला.

त्यानंतरचे रविवार वेगळेच झाले. कप घेताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागायचं. मुद्दाम की चुकून, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते बंद पडलं असतं. निघताना तो सायकलची घंटी एकदा कारण नसताना वाजवायचा. शनिवारी ती वेणी जरा घट्ट घालायची. याहून जास्त काही नाही. खेड्यात याहून जास्त लागतही नाही.

दसऱ्यानंतर त्यानं एक नवी तबकडी आणली. गोंदिया स्टेशनात अमेरिकन पलटणींच्या गाड्या थांबत. त्यातल्या एका काळ्या शिपायानं विड्यांच्या कट्ट्याच्या बदल्यात ती त्याला दिली होती. किल्ली फिरवली, कर्ण्यातून खरखर आली, आणि मग एक जाड, दमलेला आवाज. तो एक ओळ म्हणे, मागून पुष्कळ माणसं उत्तर देत. पुन्हा एक ओळ, पुन्हा उत्तर. भाषा कोणालाच कळली नाही. पण दाराआड शामकलाची मान आपोआप हलायला लागली.

"हे तं आपल्या रोवण्यासारखंच आहे गा," शालीकराम म्हणाला.

"कापसाच्या शेतातलं आहे," उमराव म्हणाला. "यांचेच आजे-पणजे तिकडं गुलाम होते. आता म्हणे मोकळे झाले. पण दक्षिणेकडं यांना अजून मत टाकू देत नाहीत. वाचून दाखवा म्हणतात, पैसे भरा म्हणतात, नाही तर मारून हाकलतात. देश यांचा, लढाईत मरायला हेच, आणि राजा कोण व्हावा हे यांना कोणी विचारत नाही." बोलता बोलता त्यानं डोळे पुसले.

शामकलाला तेव्हा तो फार आवडला. खोटं कशाला बोला.

आणि म्हणूनच पुढं जे झालं त्याचा राग तिला इतका आला.

कार्तिकात धान कापून खळ्यावर आलं, आणि एका बाजारच्या दिवशी टेकचंद दोन जाणत्या माणसांना घेऊन मनिरामकडे आला. मनिराम म्हणजे शामकलाचा बाप. त्याच्या पणज्यानं गावचं तळं बांधलं होतं. त्या घराण्यातली माणसं कोणाला काही विचारत नसत, सांगत असत. टेकचंदनं आपल्या मुलासाठी शामकलाला मागणी घातली. मनिरामनं पानाचं तबक पुढं सरकवलं आणि म्हणाला, "दिली."

झालं. पान रंगायच्या आत पोरगी दिली. येणाऱ्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सुपारी फोडायची, हेही ठरलं.

शामकला चुलीपाशी होती. ऐकून तिच्या छातीत आधी एक गोड उसळी आली. आणि ती उसळी खाली बसायच्या आत तिच्या मागून असा संताप आला, की तव्यावरची भाकर करपली. हवं होतं तेच मिळत होतं. पण ते तिला दिलं नव्हतं; तिलाच देऊन टाकलं होतं. गाय विकताना निदान तिच्या पाठीवर हात तरी फिरवतात.

रविवार उजाडला. ओसरीवर त्रिमूर्ती. अमेरिकेचा निकाल पेपरात आला होता. केवलरामनं दुकानातून बत्तासे आणले होते, आणि तोंडही.

"तिकडं रूझवेल्ट निवडून आला," तो म्हणाला, "अन् इकडं आपला उमराव. दोघाइच्या बी विरोधात कोनी टिकलं नाई."

शामकला चहा घेऊन आली. कप खाली ठेवले नाहीत. तबक धरून तशीच उभी राहिली.

"निवडणूक कवा झाली?" तिनं विचारलं.

केवलराम हसला. "का व, तुले ठाऊक नाई?"

"मले कसं ठाऊक राहीन? मत तं कोनी विचारलं नाई."

शालीकराम चपापला. "शामकला, आत जा."

"जातो. पैले या साहेबाइले एक विचारतो." ती उमरावकडे वळली. तो उठून उभा राहिला होता. "त्या तबकडीवाल्या मानसाले कोनी विचारत नाई म्हनून तुमी डोळे पुसले. सात समुद्रापल्याडच्या मानसासाठी. अन् या दाराआड चार हातावर मी उभी होती. मले काऊन नाई विचारलं?"

"शामकला, मी..." तो गडबडला. "मी विचारलं होतं."

"कवा?"

"रोवण्याच्या दिवशी. बांधीत. मी विचारलं आणि तू... तू उत्तर दिलंस. साऱ्यांसमोर."

क्षणभर तिला कळेचना, हा थट्टा करतो आहे की काय. मग कळलं. हा शिकलेला, तुरुंग पाहिलेला माणूस गाण्यातला जबाब होकार समजून श्रावणापासून कार्तिकापर्यंत खुशाल बसला होता.

"ते गानं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरायला लागला, आणि त्याचाही तिला राग आला. "सवाल आला का जबाब द्या लागते, नाई तं बाया हरतात. रुख्मानं मागच्या साली गान्यात कोतवालाच्या म्हाताऱ्याले नवरा केला होता. गेली का ती त्याच्या घरी नांदाले?"

केवलरामला हसू फुटलं. कोणी साथ दिली नाही म्हणून ते मधेच विझलं.

"मग ते खोटं होतं?" उमराव हळू म्हणाला.

हा प्रश्न त्यानं विचारायला नको होता. कारण ते खोटं नव्हतं, आणि हे त्याच्यासमोर, भावासमोर, केवलरामच्या बत्ताशांसमोर कबूल करण्यापेक्षा तिनं जीभ तोडून टाकली असती.

"खरं होतं का खोटं, हे बी मलेच विचारा लागत होतं. माह्या बापाले नाई," ती म्हणाली आणि चहाचं तबक तसंच उचलून आत गेली. त्या रविवारी अमेरिका चहाविना राहिली.

बापाला तिनं त्याच सांजेला सांगितलं. "माह्यं नाई आहे."

मनिराम जेवत होता. घास हातातच राहिला. "टेकचंदले शब्द देल्ला मी. पोरगा का वाईट आहे?"

"पोरगा वाईट नाई."

"मंग?"

"मले विचारलं नाई."

"पोरीले कोन विचारते?" मनिराम खरंच बुचकळ्यात पडला होता, तो दुष्ट नव्हता, त्याला हे माहीतच नव्हतं. "माह्या बहिनीले विचारलं होतं का? तुह्या मायले विचारलं होतं का कोनी?"

"नव्हतं विचारलं," चुलीपाशी बसलेली तिची आई, सुभद्राबाई, म्हणाली. एवढंच. पण ती ते अशा सुरात म्हणाली की मनिराम पुढचं जेवण मुकाट्यानं जेवला. शब्द मात्र मागं घेतला नाही. "रविवारी पाहुने येतील. तयार राहाय," एवढं बोलून हात धुवायला उठला.

तो आठवडा शामकला कोणाशी धड बोलली नाही. खळ्यावर धानाची मळणी चालू होती. बैलांच्या मागे ती गोल गोल फिरायची आणि मनातल्या मनात उमरावशी भांडायची. प्रत्येक भांडण ती जिंकायची. आणि प्रत्येक वेळी जिंकल्यावर तो मान खाली घालून सायकल ढकलत जाताना दिसायचा, तेव्हा तिला रडू यायचं. मग त्या रडण्याचा राग. असा तो चक्राकार कारभार.

रविवारी सकाळी अंगण सारवून झालं, सतरंजी पसरली. आणि उमराव आला. एकटा.

"टेकचंद कुठं आहे?" मनिरामनं विचारलं.

"मी बाबांना येऊ दिलं नाही, काका. त्यांनी मला घराबाहेर काढलं, तरी येऊ दिलं नाही." त्याचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा होता. "शामकलाला विचारायचं राहिलं. आधी ते विचारतो."

मनिरामच्या कपाळाची शीर उठली. "माह्या अंगनात येऊन मलेच शिकवून राहिला?"

"विचारू द्या त्याले," सुभद्राबाई दारातून म्हणाली.

शामकला घरामागच्या खळ्यावर होती. हातात सूप, केसांत भुसा. हे सगळं तिला ऐकू आलं होतं. तो समोर येऊन उभा राहिला तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मला गाणं येतं, बोलणं येतं, अमेरिका येते," उमराव म्हणाला. "हे एक आलं नाही. माझं चुकलं. तू मला हवी आहेस, शामकला. पाळीवर तू मला मागं सारलंस तेव्हापासून. माझ्याशी लग्न करशील का?"

वारा पडला होता. तोंडात 'हो' तयार होतं, कधीपासूनचं तयार होतं.

"नाई," ती म्हणाली.

तो पांढरा पडला. मग त्यानं मान हलवली.

"बरं."

"काऊन म्हनून विचारत नाई?"

"तू नाही म्हटलंस. त्यात आणखी काय विचारायचं?" तो वळला आणि गेला.

ती तशीच उभी. भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. तो तिच्या बापाला सांगत होता, "नाही म्हणाली, काका. तुमचा शब्द माझ्यामुळं मोडला. मी बाबांना तसंच सांगीन. राग माझ्यावर काढा, तिला एक अक्षर बोलू नका." मग शालीकरामला, "येतो गा. आता रविवारी जमणार नाही." मग सायकलीची खडखड. घंटी वाजली नाही.

शामकलाच्या हातातून सूप पडलं. धान सांडलं. ती धावली. अंगणातून, सतरंजी तुडवत, बापाच्या समोरून, थेट रस्त्यावर.

"थांबा."

तो थांबला. वळला नाही.

"माह्यं 'नाई' चालते का, हे मले पाह्यचं होतं," ती धापा टाकत म्हणाली. "या घरात आजवर कवाच चाललं नाई. जिथं 'नाई' चालत नाई, तिथं मी हो म्हटलं काय अन् नाई म्हटलं काय, सारखंच. आज चाललं."

तो वळला, आणि तिनं पहिल्यांदा त्याला रागावलेलं पाहिलं. "आणि मी? मी काय बैल आहे? फीर म्हटलं की फिरायचं? एवढ्या वेळात माझं काय झालं, तुला ठाऊक आहे?"

"आठ दिवस मले तेच झालं. तुमाले घडीभर झालं तं इतकं?"

दोघं एकमेकांकडे जळजळीत बघत उभे राहिले. तिच्या गालावर भुसा चिकटला होता. तो काढायला त्याचा हात अर्धा वर आला आणि थांबला...

"काढू?" त्यानं विचारलं.

तिच्या ओठांचा कोपरा हलला. "हे बी विचारता?"

"आता सवय करतो आहे." त्याचा राग ओसरायला लागला होता. "मग... पुन्हा विचारू का?"

"विचारून पाहा."

"माझ्याशी लग्न—"

"का चाललं आहे रस्त्यावर?" मनिराम काठी आपटत आला. मागून शालीकराम, त्याच्या मागं सुभद्राबाई. "ठरलं का मोडलं? मी टेकचंदले का सांगू?"

उमरावनं तोंड उघडलं. मग मिटलं, आणि सायकल घेऊन तो बाजूला झाला.

मनिरामनं त्याच्याकडे पाहिलं. तो बोलेना. शालीकरामकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. बायकोकडे पाहिलं. सुभद्राबाईनं पदर सावरला आणि हनुवटीनं लेकीकडे दाखवलं. शेवटी त्याला दुसरीकडे बघायला जागाच उरली नाही. त्यानं घसा खाकरला. जन्मात न केलेलं काम करायचं होतं. शब्द कुठून सुरू करावा हेही त्याला सुचेना.

"का व... शामकला," तो अडखळत म्हणाला. "तुले... का वाटते?"

शामकलानं बापाकडे नीट पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं पुसले नाहीत.

"हो आहे, बाबा," ती म्हणाली. "पन सुपारी पुढच्या रविवारी फोडा. आज मले अजून राग आहे."